डोंगर, तळं आणि पाण्यातला दुसरा डोंगर: काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात फोटो छापून फ्रेम करून द्यायचा माझा धंदा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या सुमारास आणि दिवाळीनंतर असे वर्षातून दोनदा डोंगर-तळ्याचे फोटो ढिगानं येतात. देवरिया ताल, पँगाँग, चंद्रताल, ही हिमालयाकडची तळी. अधूनमधून चिखलदरा, रामटेक. आपलं शहर सपाट. सेमिनरी हिल्सला 'हिल्स' म्हणतो ते कौतुकानंच. म्हणून असेल, पण पाण्यात उतरलेला डोंगर दिसला की नागपूरकर वेडा होतो, आणि घरी येऊन फोटो उघडला की हिरमुसतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले.

तिथं उभं राहून जे दिसलं ते फोटोत का नाही?

डोळा एका वेळी सगळं बघत नाही. बर्फाकडे बघताना बाहुली बारीक होते, पाण्याकडे बघताना मोठी होते, आणि मेंदू दोन्हींची बेरीज करून एक चित्र बनवतो. कॅमेरा मात्र एकाच मापानं सगळं मोजतो. त्यामुळे शिखर पांढरंफटक पडतं, नाहीतर पाणी काळं. फोटो सुधारणं म्हणजे बहुतांशी डोळ्यानं केलेली ती बेरीज पुन्हा करणं. तिथं नव्हतं ते आणणं, हे वेगळं काम झालं.

सुरुवात कुठून करू? मी तर आधी रंगच वाढवतो.

सगळेच तसं करतात. आधी फोटो सरळ करा.

आणि इथंच एक गंमत आहे. समुद्राच्या फोटोत क्षितिज सरळ केलं की काम झालं. तळ्याच्या फोटोत पलीकडचा काठ म्हणजे क्षितिज नव्हे. काठ डावीकडे जवळ आणि उजवीकडे लांब असेल, तर तो फोटोत तिरकाच दिसायला हवा. ती काठाची रेघ आडवी करायला गेलात तर सगळा डोंगरच कलतो. खूण दुसरीच घ्यायची: एखादं ठळक टोक निवडा, शिखर, एकटं झाड, देवळाचा कळस, काहीही. आता पाण्यात त्याचं टोक शोधा. दोन्ही एकाच ओळंब्यात हवीत, गवंडी भिंतीला लावतो तसा. क्रॉपच्या जाळीतली उभी रेघ त्या दोन टोकांवर बसेपर्यंत फोटो फिरवा. टोक शक्यतो फोटोच्या मधल्या भागातलं घ्या, कारण वाइड लेन्स खाली किंवा वर झुकवलेली असेल तर कडेच्या उभ्या रेघा आपोआप तिरप्या होतात.

अर्ध्या अंशाचा कल नुसत्या डोंगराच्या फोटोत कुणाला कळत नाही. पाणी आलं की मात्र लगेच खटकतं. पाणी कलंडून सांडेल की काय, असं वाटत राहतं.

"भाऊ, पाण्यातला डोंगर काळा काऊन दिसते?" उजळ करून वरच्याइतका करू का?

उजळ करा, पण वरच्याइतका नको. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पाणी आरसा नाही. सरळ खाली वाकून बघितलं तर पाणी पडलेल्या उजेडापैकी जेमतेम २ टक्के परत पाठवतं, बाकीचा आत शिरतो. म्हणून तर पायाजवळचे गोटे दिसतात. नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी ३० अंशांवर आली तर सुमारे ६ टक्के. १० अंशांवर आली की एक-तृतीयांशाच्या आसपास. अगदी पाण्याला घासून बघितलं तरच पाणी जवळजवळ आरसा होतं. म्हणजे पलीकडच्या काठालगतचं प्रतिबिंब दमदार आणि फोटोच्या खालच्या कडेकडे येताना ते विझत जाणार. पाण्यात उलटा पडलेला डोंगर पायथ्याशी जास्त उजळ आणि शिखराशी जास्त मंद असतो, तो यामुळेच. सेन्सरवर डाग नाही, लेन्स खराब नाही.

आणखी एक बारकावा. उजळ गोष्टी पाण्यात मंदावतात हे खरं, पण गडद झाडी पाण्यात कधीकधी किंचित फिकी दिसते, विशेषतः पाणी गढूळ असेल तर. पाण्यातल्या मातीवरून विखुरलेला उजेड त्या काळ्यात मिसळतो. त्यामुळे वरच्यापेक्षा खालचं चित्र एकूणच मऊ असतं. पाण्यावर क्लॅरिटी (कडा ठसठशीत करणारी पट्टी) वाढवून त्याला दगडासारखं कडक केलं की फोटो खोटा वाटू लागतो. का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण तो पुढच्या फोटोकडे वळतो.

मी काय करतो: खालच्या कडेपासून वर काठापर्यंत एक सरळ ग्रेडियंट मास्क ओढतो, म्हणजे बदल फक्त तेवढ्या भागात आणि हळूहळू कमी होत जाणारा, खाली पूर्ण आणि काठाशी शून्य. त्यात एक्स्पोझर अर्धा स्टॉप, फार तर एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवतो. मग वरचा बर्फाचा एक पट्टा आणि पाण्यातला तोच पट्टा यांवर कर्सर नेऊन उजळपणाचे आकडे ताडून बघतो. खालचा आकडा वरच्यापेक्षा कमीच राहिला पाहिजे. बरोबरीला आला की मागे फिरायचं, आणि पुढे गेला तर तो फोटो मी छापत नाही. निदान भांडतो तरी.

मास्क जिथं संपतो तिथं, म्हणजे काठावर, कधीकधी एक बारीक काळी किंवा उजळ पट्टी राहते. तिच्याकडे १०० टक्के मोठं करून बघा. झाडांच्या पायथ्याशी धुरकट कडा दिसली तर मास्क थोडा खाली सरकवा.

वरचा अर्धा भाग उलटा करून खाली चिकटवला तर? पाणी नीट आलंच नाही माझं.

"बनवून द्या ना जी, कोणाला कळते?" कळतं.

रामटेकच्या अंबाळा तलावाचा असा एक फोटो छापायला आला होता. घाटाच्या वरच्या पायरीवरून काढलेला. समोर काठावर झाडं, त्यामागे चढण, वर देऊळ. खालच्या अर्ध्यात हेच सगळं हुबेहूब उलटं. काउंटरवर रामटेकचे एक काका आपली पावती शोधत उभे होते. बघून म्हणाले, "पाण्यात देऊळ एवढं नाही दिसत कधी, झाडाआड जाते." बास. त्यांनी आयुष्यात कॅमेरा धरला नसेल.

काकांचं म्हणणं भूमितीलाही धरून आहे. प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याची उलटी प्रत नव्हे. ते एक वेगळंच दृश्य असतं, जणू तुमच्या डोळ्याइतक्याच खोलीवर, पाण्याखाली दुसरा कॅमेरा ठेवलाय आणि तो वर बघतोय. तुम्ही पाण्यापासून ४ मीटर उंच पायरीवर असाल तर तो कॅमेरा तुमच्यापेक्षा ८ मीटर खाली. एवढ्या खालून बघितल्यावर जवळची झाडं उंच होणार आणि लांबचं देऊळ त्यांच्या मागे लपणार. पाण्यावरून वाकलेल्या फांदीची खालची बाजू पाण्यात दिसेल, वर ती दिसणारच नाही. देवरिया तालमध्ये दिसणाऱ्या चौखंब्यासारखं ७,१३८ मीटर उंचीचं आणि लांबचं शिखर एकटंच असेल तर हा फरक नगण्य. पण जवळ काही असेल, आणि बहुतेक असतंच, तर चोरी तिथं पकडली जाते.

पाणी नीट आलं नसेल तर उलटं चिकटवण्यापेक्षा ते कापा. आडवा, रुंद पट्टा ठेवा. डोंगर तर तुमचाच आहे.

पाणी हलत होतं. सॉफ्टवेअरनं ते शांत करता येईल का?

नाही. बाजारात दावे पुष्कळ आहेत, पण पाणी हललं म्हणजे ते चित्र तुकड्यातुकड्यांनी उभं ताणलं गेलं. ते परत गोळा होत नाही.

शटर जास्त वेळ उघडं ठेवून काय होतं तेही सांगतो, कारण एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच) विकत घेऊन निराश झालेले बरेच भेटतात. १/६० सेकंदाच्या फोटोला १० स्टॉपचा एनडी लावला तर सुमारे १७ सेकंद लागतात. तेवढ्यात लहान लाटा पुसल्या जातात, पाणी साटिनसारखं होतं, डोंगराचे रंग उभ्या पट्ट्यांत पसरतात. सुंदर दिसतं. पण आरसा होत नाही. धारदार प्रतिबिंब हवं तर पाणी मुळातच स्थिर लागतं, आणि ते मिळतं पहाटे. रात्रभर जमीन आणि हवा थंडावलेली असते, वारा पडलेला असतो. ऊन चढलं की हवा हलू लागते. देवरिया तालला सारी गावातून चढून दुपारी पोचणाऱ्यांना बहुतेक ढग आणि लाटाच मिळतात. जे वर मुक्काम करून उजाडताना काठावर असतात, त्यांचेच फोटो माझ्याकडे मोठ्या आकारात छापायला येतात. पँगाँगलाही तेच. तिथं दुपारचा वारा उभं राहू देत नाही.

हललेल्या पाण्याचा फोटो हातात असेलच, तर त्या हलण्यालाच विषय करा. डोंगर थोडा कापा, पाण्यातले रंगांचे तुकडे मोठे होऊ द्या.

काठाची रेघ मधोमध ठेवावी की नाही? एक-तृतीयांशाचा नियम सांगतात, रेघ वरून किंवा खालून तिसऱ्या भागावर.

प्रतिबिंब पूर्ण आणि शांत असेल तर बिनधास्त मधोमध. नाहीतर जे चांगलं आलंय त्याला दोन भाग द्या. एवढं मात्र पाळा: वरचं शिखर पूर्ण आणि पाण्यातलं शिखर खालच्या कडेनं कापलेलं, असं होऊ देऊ नका. काठावर ते सुटलं असेल तर घरी त्यावर उपाय नाही. मग प्रतिबिंब आणखी वर, डोंगराच्या अर्ध्यावर कापा, म्हणजे ते मुद्दाम केल्यासारखं दिसेल.

पोलरायझर लावला होता, तरी प्रतिबिंब गेलं. का?

तरी नव्हे, त्यामुळेच गेलं. पोलरायझरचं एक काम म्हणजे पाण्यावरची चमक काढणं, आणि तुमचा पाण्यातला डोंगर ही चमकच आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी ३७ अंशांच्या आसपास बघत असाल तर तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो आणि तळाचे गोटे वर येतात. फिल्टरची कडी फिरवत डोळ्यानं बघायचं: जवळचे गोटे थोडे दिसताहेत आणि लांबचा डोंगरही शाबूत आहे, अशी एक जागा सापडते. ती सापडली तर उत्तम. नाही सापडली तर फिल्टर खिशात. फार वाइड लेन्सवर तो आकाशात एका बाजूला गडद निळा डागही पाडतो, आणि तो घरी काढताना जीव जातो.

डोंगर धुरकट आलाय. डीहेझ किती ओढू?

नागपूरच्या मे महिन्यातून आलेल्या माणसाला धुरकट म्हणजे काय हे सांगायला नको. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावरून पलीकडच्या टेकड्या मेमध्ये राखेसारख्या दिसतात, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये त्याच टेकड्यांवरचं झाडन्‌झाड मोजता येतं.

डीहेझ पूर्ण फोटोवर ओढू नका. तो धूसरपणा काढताना रंग भडक करतो आणि सावल्या काळ्या करतो. फक्त लांबच्या डोंगरावर मास्क करून १५-२० पर्यंत न्या, मग त्याच मास्कमध्ये सॅच्युरेशन थोडं खाली आणा. आणि त्यातलं थोडं, निम्म्याहून कमी, पाण्यातल्या डोंगरालाही द्या. वर स्वच्छ हवा आणि पाण्यात धुकं, असं होत नसतं. हे सगळ्याच बाबतींत लागू: वर जो बदल कराल त्याचा हिशेब पाणी मागतं. वर सोनेरी केलंत तर खालीही थोडं सोनेरी. आकाश गडद केलंत तर पाण्यातलं आकाशही.

थोडा धूसरपणा राहू द्या. एकामागे एक फिके होत जाणारे डोंगर नसतील तर अंतर कशावरून कळणार?

बर्फ करडा आला, आणि सावलीतला बर्फ निळा. दोन्ही पांढरे करू?

करडेपणा हा कॅमेऱ्याचा स्वभाव. तो जे दिसेल ते मध्यम करडं समजून मोजतो, म्हणून बर्फ भरपूर असेल तर काढतानाच एक्स्पोझर एक ते दीड स्टॉप वर न्यायचा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला आपटत नाही ना हे बघत. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची माहिती) असेल तर घरीही जमतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. ओढायला किती वाव आहे ते यावरूनच समजा.

सावलीतला निळा मात्र खरा आहे. तिथं ऊन नाही, फक्त निळ्या आकाशाचा उजेड पडतो. तो पूर्ण पुसलात तर बर्फ चुन्यासारखा दिसेल. थोडा कमी करा आणि सोडून द्या.

फोकस कुठं करायचा, पाण्यावर?

डोंगरावर. पाण्यात दिसणारा डोंगर पाण्याच्या पृष्ठभागावर नसतो. लेन्सच्या दृष्टीनं तो खऱ्या डोंगराइतकाच लांब असतो, किंचित जास्तच. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या पानावर फोकस केलात तर पान धारदार आणि दोन्ही डोंगर मऊ होण्याची भीती. पुढचे दगडही हवे असतील तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्सला एफ/८ ठेवून सुमारे अडीच मीटरवर फोकस करा. सव्वा मीटरपासून लांबपर्यंत सगळं चालण्याइतकं धारदार येतं.

जलपर्णी, बाटल्या, विजेच्या तारा. काढू का?

बाटल्या काढा, माझी हरकत नाही. (काठावरच उचलल्या असत्या तर तळंही सुधारलं असतं, पण ते असो.) तार काढताना मात्र पाण्यातली तारही काढा. वरचा खांब गायब आणि पाण्यात खांब उभा, असे फोटो वर्षाला चार-पाच तरी येतात. अंबाझरी तलावावरची जलपर्णी पुसण्यात वेळ घालवू नका. हिरवा गालिचा पुसल्यावर तिथं काय दिसायला हवं ते तुम्ही ठरवणार, आणि ते ठरवणं अवघड आहे.

आकाश अगदी कोरं होतं. ढग टाकू?

टाकलेत तर पाण्यातही टाकावे लागतील, उलटे, मंद, लाटांनी थोडे ताणलेले, आणि वर सांगितलेल्या खालच्या कॅमेऱ्यातून दिसतील तसे. सूर्य कुठून येतोय तेही जुळायला हवं. एवढं सगळं करण्यापेक्षा कोरं आकाश कापून पट्टा बारीक करा. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम आधी वाचा. निसर्गचित्रांच्या पुष्कळ स्पर्धांत बदललेलं आकाश चालत नाही आणि मूळ फाइल मागतात.

माझ्याकडे फक्त फोन आहे.

पुरतो. एक युक्ती: फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते, आणि ती पाण्यापासून चार बोटांवर न्या. पाण्याला घासून बघितलं की प्रतिबिंब दमदार होतं, ते वर आलंच आहे. फोनचा ऑटो एचडीआर (उजळ आणि गडद भाग आपोआप जुळवणं) मात्र पाण्याला डोंगराइतकं उजळ करून ठेवतो. मग तुमचं काम उलटं: स्नॅपसीड अ‍ॅपमध्ये पाणी निवडून थोडं खाली आणा. संगणकावर फुकटात करायचं तर डार्कटेबल हे सॉफ्टवेअर आहे, शिकायला आठवडा लागेल.

इथं सराव कुठं करू? हिमालय वर्षातून एकदाच होतो.

अंबाळा तलाव सगळ्यात चांगला. नागपूरहून रामटेक ५० किलोमीटरच्या आसपास, हिवाळ्यात पावणेसातच्या सुमारास उजाडतं, म्हणजे पाचला निघा. परतताना तर्री-पोहे. शहरातच राहायचं तर फुटाळा, पण संध्याकाळी तिथं माणसंच जास्त. कोराडीच्या तलावात औष्णिक केंद्राच्या धुराड्यांची प्रतिबिंबं पडतात. डोंगर नाहीत, पण ओळंबा साधायला त्यांच्यासारखं काही नाही. तेही नको असेल तर पाऊस पडून गेल्यावर झिरो माइलजवळ एखादं डबकं शोधा आणि तिथले घोडे त्यात उतरवा. डबकं आणि पँगाँग, दोघांची भूमिती एकच.

छापायला फाइल कशी द्यायची?

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह आणा. रंग एसआरजीबीमध्ये (रंगांची नेहमीची प्रमाणित पद्धत). १२ × १८ इंच उत्तम यायला ३६०० × ५४०० पिक्सेल, म्हणजे सुमारे १९ मेगापिक्सेल. तीच फाइल २४ × ३६ लाही चालते, कारण एवढा मोठा फोटो कुणी नाक लावून बघत नाही. फोनचा फोटो ४:३ असतो, त्याला १२ × १६ सांगा, नाहीतर पाण्यातलं शिखर कापलं जाईल. स्क्रीनवर दिसतं त्यापेक्षा कागदावर सावल्या गडद येतात. कागद मॅट घ्या. ग्लॉसीवर आणि साध्या काचेखाली पाण्यात डोंगराच्या जोडीला तुमची ट्यूबलाइटही दिसते.

पाणी जास्त उजळ झालंय का, हे ओळखायची सोपी खूण?

फोटो स्क्रीनवर उलटा करा आणि पाणी कुठलं ते शोधा. लगेच कळलं तर ठीक. विचार करावा लागला तर जास्त झालं.

ही खूण मला महागात पडून कळली. धंदा नवीन होता, तेव्हा एका घरासाठी देवरिया तालचा मोठा फोटो केला आणि पाणी अगदी डोंगराच्या बरोबरीला आणलं. फ्रेम करताना हूक चुकून खालच्या बाजूला ठोकला गेला. आठ महिने चौखंबा त्यांच्या दिवाणखान्यात उलटा लटकत होता, घरच्यांनी, पाहुण्यांनी, कुणीही ओळखलं नाही. शेवटी कोपऱ्यातली तारीख उलटी का, म्हणून त्यांच्या सहावीतल्या मुलीनं विचारलं. तेव्हापासून प्रत्येक फ्रेमच्या मागे मी पेन्सिलनं 'वर' लिहून बाण काढतो.